मुक्तस्रोत संगणक-संगीत

मुक्तस्रोत संगणक-संगीत : ध्वनीची निर्मिती व संस्करण करणाऱ्या ज्या संगणकीय आज्ञावलींचा मूळ लेख कोणासही वाचता, तपासता, बदलता व इतरांस पुन्हा वाटता येतो, अशा आज्ञावलींच्या साहाय्याने रचलेले इलेक्ट्रॉनीय संगीत. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. परंतु संगणक-संगीताच्या क्षेत्रात तीमागील प्रथा तिच्याहून चाळीस वर्षांनी जुनी आहे. या क्षेत्रातील बहुतेक महत्त्वाच्या आज्ञावली एकाच कुळातील असून, एकीचा लेख हाती आल्यामुळेच दुसरी लिहिली गेली, असे त्यांच्या वंशावळीवरून दिसते. मूळ लेख हाती नसता, तर प्रत्येक संगीतकारास प्रथम वाद्य घडविण्यातच आयुष्य घालवावे लागले असते.

या कुळाचा आरंभ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरी हिल येथील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत झाला. तेथील विद्युत् अभियंते मॅक्स मॅथ्यूज (१९२६–२०११) हे दूरध्वनीवरील संभाषणाच्या संशोधनासाठी ध्वनीचे अंकांत आणि अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारी साधने तयार करीत होते. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार होत. हा दाब ठराविक व अत्यल्प कालांतराने मोजून ती मापे ओळीने लिहून ठेवली, तर त्या अंकमालेवरून मूळ ध्वनी पुन्हा उभा करता येतो. मात्र श्राव्य कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) दुपटीहून अधिक वेळा माप घ्यावे लागते. म्हणूनच पुढे ध्वनिमुद्रणाच्या संहत तबकडीसाठी सेकंदास ४४,१०० मापे हे प्रमाण ठरले. संभाषणाची अंकमाला जर संगणकास साठविता येते, तर कोणीही न उच्चारलेल्या ध्वनीची अंकमाला त्याने स्वतः गणित करून का लिहू नये, असा विचार मॅथ्यूज यांनी केला. त्यांचे वरिष्ठ जॉन पिअर्स हे स्वतः संगीताचे मर्मज्ञ होते. ‘ट्रँझिस्टर’ हे नावही पिअर्स यांनीच सुचविलेले. त्यांनी या उद्योगास उत्तेजन दिले आणि १९५७ मध्ये ‘म्यूझिक-१’ ही आज्ञावली आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार झाली. न्यूमन गटमन यांनी तिच्या साहाय्याने रचलेली ‘द सिल्व्हर स्केल’ ही रचना अवघी सतरा सेकंदांची आहे. हा संगणक न्यूयॉर्क शहरात होता; गणित तेथे करावयाचे, अंक चुंबकीय फितीवर उतरवावयाचे आणि ती फीत मरी हिल येथे आणून परिवर्तकातून ऐकावयाची, असा हा प्रवास होता.

संगीत म्हणून त्या सतरा सेकंदांची योग्यता बेताचीच होती. ‘म्यूझिक-१’ मध्ये एका वेळी एकच स्वर आणि एकच त्रिकोणी तरंगरूप मिळे. ‘म्यूझिक-२’ (१९५८) मध्ये चार स्वर एकत्र वाजविता येऊ लागले. खरी क्रांती ‘म्यूझिक-३’ (१९६०) मध्ये झाली. मॅथ्यूज यांनी ध्वनी निर्माण करणाऱ्या क्रियांचे छोटे, स्वतंत्र घटक पाडले : एक आंदोलक, एक बेरीज करणारा, एक गुणाकार करणारा, एक स्वराचा चढउतार ठरविणारा, एक गालक. संगीतकाराने हे घटक आपल्या इच्छेनुसार एकमेकांस जोडून हवे ते ‘वाद्य’ तयार करावे, अशी ही योजना होती. आज्ञावलीच्या कर्त्याने वाद्ये न पुरविता वाद्ये घडविण्याचे सामान पुरविले, असे तिचे वर्णन करता येईल. गंमत अशी, की तारांनी जोडावयाचे विद्युत् मंडलांचे संश्लेषक रॉबर्ट मोग व डॉनल्ड बुकला यांनी बाजारात आणण्यापूर्वीच काही वर्षे ही कल्पना कागदावर व फितीवर सिद्ध झाली होती.

आंदोलकाची कार्यपद्धती विलक्षण साधी आहे. तरंगाचे एक संपूर्ण आवर्तन, समजा, ५१२ अंकांच्या कोष्टकात लिहून ठेवलेले असते. संगणक या कोष्टकातून ठराविक अंतराची पावले टाकीत जातो व शेवट आला की पुन्हा आरंभाकडे वळतो. सेकंदास ४४,१०० मापे घ्यावयाची असून २४० हर्ट्झचा षड्ज हवा असेल, तर दर पावलास सु. २.७९ घरे पुढे जावे लागते. त्याच्या वरचा पंचम हवा असेल, तर पाऊल दीडपट मोठे करावयाचे. साठ वर्षांनंतरही या क्षेत्रातील बहुसंख्य आज्ञावलींच्या गाभ्यात हेच कोष्टक व हेच पाऊल आढळते.

‘म्यूझिक-४’ (१९६३) ही आज्ञावली मॅथ्यूज यांनी जोन मिलर यांच्यासह लिहिली. त्याच वर्षी मॅथ्यूज यांचा संगणक हे वाद्य म्हणून कसे वापरावे याविषयीचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग हे तालवाद्य वाजविणारे विद्यार्थी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत येऊन दाखल झाले आणि ‘म्यूझिक-४’ च्या छिद्रित पत्रांची पेटी घेऊन परतले. प्रिन्स्टन विद्यापीठातही ही आज्ञावली गेली आणि तेथे ह्यूबर्ट हाउ व गॉडफ्री विनम यांनी तिची सुधारित रूपे सिद्ध केली. कोणी मूल्य मागितले नाही, कोणी परवाना लिहिला नाही. यामागे केवळ औदार्य होते असे म्हणता येणार नाही. बेल प्रयोगशाळा ज्या कंपनीची होती, तिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने दूरध्वनीखेरीज अन्य व्यवसाय करण्यास बंदी घातलेली होती. आणि त्या काळी आज्ञावली ही विकण्याची वस्तू आहे, असे कोणास फारसे वाटतही नव्हते. तथापि कारणे कोणतीही असोत, पेटी देण्याचा तो रिवाज पुढील पिढ्यांनी या क्षेत्राचा धर्म मानला, हे खरे.

या पेटीत एक उणीव होती. ‘म्यूझिक-४’ पर्यंतच्या आज्ञावली विशिष्ट संगणकाच्या यंत्रभाषेस जखडलेल्या होत्या. संगणक मोडीत निघाला, की आज्ञावली आणि तिच्यावर रचलेले संगीत दोन्ही निरुपयोगी होत. हे ध्यानी घेऊन मॅथ्यूज यांनी ‘म्यूझिक-५’ (१९६८) ही फोर्ट्रन या सर्वसाधारण भाषेत लिहिली व १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवरण दिले. लेख खुला असणे आणि तो कोणत्याही यंत्रावर चालणे या दोन्ही गोष्टी जमल्या, तरच तो टिकतो, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

खुल्या लेखाचे मोल फ्रेंच संगीतकार व भौतिकीविज्ञ झां-क्लोद रीसे (१९३८–२०१६) यांच्या कार्यात उत्तम दिसते. बेल प्रयोगशाळेत त्यांनी ट्रंपेटच्या ध्वनीचे विश्लेषण केले. तोपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत वाद्याचा स्वनगुण हा त्यातील उपस्वरांच्या ठराविक प्रमाणावर अवलंबून असतो असे सांगितले जाई. ट्रंपेटचा स्वर जसजसा जोरकस होतो, तसतसे वरचे उपस्वर अधिक प्रमाणात वाढतात आणि पितळी झळाळी त्यामुळेच येते, असे रीसे यांनी दाखवून दिले. त्यांच्या १९६८ मधील ‘लिटल बॉय’ या रचनेत (हीरोशीमावरील अणुबाँबचे नाव) सतत खाली घसरत जाणारा, तरीही तळ न गाठणारा स्वर ऐकू येतो. १९६९ मध्ये त्यांनी संगणकाने निर्मिलेल्या ध्वनींची एक सूची तयार केली. तीत प्रत्येक ध्वनीचे वर्णन तर होतेच, शिवाय तो ‘म्यूझिक-५’ मध्ये मिळविण्यासाठी द्यावयाच्या आज्ञाही जशाच्या तशा छापल्या होत्या. घंटा, ढोल, अखंड उतरणारा स्वर, जे हवे ते वाचकाने आपल्या यंत्रावर वाजवून पाहावे. घराण्याची विद्या मोजक्या शिष्यांपुरती राखण्याचा प्रघात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सूचीचे वेगळेपण सांगावयास नको.

याच काळात याच्या अगदी उलट उदाहरणही घडले. चाउनिंग हे १९६७ मध्ये स्वराच्या कंपावर प्रयोग करीत होते. कंपाचा वेग व विस्तार फार वाढविल्यावर कान त्यास कंप म्हणून ऐकेनासा होतो आणि अगदी नवा स्वनगुण निर्माण होतो, असे त्यांना आढळले. दोन आंदोलकांपैकी एकाने दुसऱ्याची कंप्रता हलवावयाची, एवढेच या कंप्रता-विरूपण पद्धतीचे स्वरूप होय. दोन्ही कंप्रतांचे गुणोत्तर सरळ असेल, तर वाद्यासारखा स्वर मिळतो; २०० व २८० हर्ट्झ अशा जोडीतून घंटेसारखा नाद निघतो. जेथे पूर्वी डझनभर आंदोलक लागत, तेथे दोन पुरू लागले. चाउनिंग यांनी १९७३ मध्ये ही पद्धती लेखरूपाने प्रसिद्ध केली. परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठाने तिचे एकस्व मागितले व ते १९७७ मध्ये मिळाले. जपानमधील यामाहा कंपनीने परवाना घेऊन १९८३ मध्ये ‘डीएक्स-७’ हा संश्लेषक बाजारात आणला; त्याचे दीड लाखाहून अधिक नग खपले. एकस्वाची मुदत १९९०–२००० या दशकाच्या मध्यास संपेपर्यंत विद्यापीठास त्यापासून दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले आणि त्याचा काही भाग संगीत-संशोधनास लाभला. कंपनीच्या भांडवलाशिवाय ही पद्धती घरोघर पोहोचली नसती, हेही मान्य करावे लागते. तरीपण एक विसंगती उरतेच : जो शोध फुकट मिळालेल्या पत्रांच्या पेटीवर उभा राहिला, त्याचा वाद्यनिर्मितीत उपयोग करण्यास इतरांना सतरा वर्षे अनुज्ञा घ्यावी लागली.

सीसाउंड : मॅथ्यूज यांच्या कुळातील सर्वांत दीर्घायुषी शाखा बॅरी व्हर्को यांनी वाढविली. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे १९३७ मध्ये जन्मलेल्या व्हर्को यांनी प्रिन्स्टन येथे आयबीएम ३६० साठी ‘म्यूझिक-३६०’ आणि मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे १९७३ पासून पीडीपी-११ या लहान संगणकासाठी ‘म्यूझिक-११’ लिहिली. व्हायोला व संगणकीय फीत यांसाठी केलेली त्यांची ‘सिनॅप्स’ (१९७६) ही रचना तिच्यावरच सिद्ध झाली. पुढे सी ही संगणकभाषा सर्वत्र पसरल्यावर त्यांनी १९८६ च्या सुमारास सर्व लेख तीत उतरविला आणि त्यास ‘सीसाउंड’ असे नाव दिले. संगणकांच्या जाळ्यावरून ती कोणासही उतरवून घेता येई.

सीसाउंडच्या रचनेचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वाद्यांची व्याख्या असते, म्हणजे कोणता आंदोलक कोणत्या गालकास जोडावयाचा इत्यादी. यास ‘वाद्यवृंद’ म्हणतात. दुसऱ्या भागात, म्हणजे ‘स्वरलिपी’त, ओळीने घटना लिहिलेल्या असतात : वाद्य क्रमांक एक, आरंभ शून्य सेकंदास, अवधी चार सेकंद, परमप्रसर अमुक, कंप्रता २४० हर्ट्झ. विष्णु नारायण भातखंडे व विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी स्वरलेखन पद्धती निर्माण केल्या, तेव्हाचा एक आक्षेप असा होता, की लिपीत स्वर व मात्रा येतात, परंतु गळा येत नाही. बंदिशीचे खरे रूप तालमीवाचून कळत नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीसही हा आक्षेप काही अंशी लागू आहे. सीसाउंडमध्ये मात्र गळाही लिहिलेला असतो. वाद्य आणि त्यावर वाजवावयाचे संगीत ही दोन्ही साध्या अक्षरांत एका कागदावर मावतात. त्यामुळे रचनेचा अभ्यास करणाऱ्यास तिच्यातील प्रत्येक ध्वनी कोठून आला, हे ओळीवर बोट ठेवून सांगता येते.

या आज्ञावलीचा परवाना मात्र आरंभी अर्धवट मुक्त होता. शिक्षण व संशोधन यांसाठीच तिचा विनामूल्य वापर करण्यास संस्थेने अनुमती दिली होती; व्यावसायिक उपयोगाविषयी संदिग्धता होती. नवल असे, की याच एमआयटीच्या आवारात रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती आणि १९८९ मध्ये सामान्य सार्वजनिक परवान्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. संगीताच्या बाजूस तो विचार पोहोचण्यास आणखी चौदा वर्षे लागली. २००३ मध्ये सीसाउंड मुक्त परवान्याखाली (ग्नूच्या सौम्य प्रकाराखाली) आली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे जॉन फिच, आयर्लंडमधील मेनूथ येथील व्हिक्टर लॅझारिनी आदींनी तिची धुरा सांभाळली. रिचर्ड बूलँजर यांनी संपादित केलेला तिच्यावरील बृहद्ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. बूलँजर यांनी १९७९ च्या उन्हाळ्यात ‘म्यूझिक-११’ वर रचलेली ‘ट्रॅप्ड इन कन्व्हर्ट’ ही रचना पुढे सीसाउंडमध्ये उतरविली गेली आणि नवी यंत्रे येत गेली तशी पुन्हा पुन्हा वाजविली गेली. पीडीपी-११ संग्रहालयात गेला. रचना चालू राहिली.

मॅक्स व प्युअर डेटा : दुसरी शाखा पॅरिसमध्ये फुटली. प्येअर बूलेझ यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘इरकाम’ या संस्थेत फ्रेंच शासनाच्या पैशाने मोठी यंत्रे तयार होत होती. ज्यूझेप्पे दी जूनो यांचे ‘४एक्स’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. वादकाच्या वादनास त्याच क्षणी प्रतिसाद देण्याची शक्ती त्यात होती. परंतु ते चालविणे संगीतकाराच्या आवाक्याबाहेरचे होते. अमेरिकी गणिती मिलर पकेट यांनी फिलीप मानुरी यांच्या पियानो व यंत्र यांसाठीच्या ‘प्लूटॉन’ (१९८८) या रचनेच्या निमित्ताने मॅकिंटॉश संगणकावर एक आज्ञावली लिहिली. तीत पडद्यावर चौकोन काढून ते रेषांनी जोडले, की घटक जोडले जात. मॅथ्यूज यांच्या गौरवार्थ तिला ‘मॅक्स’ असे नाव देण्यात आले.

इरकामने १९९० मध्ये मॅक्सचे हक्क अमेरिकेतील एका कंपनीस दिले आणि तिचे रूपांतर विक्रीच्या वस्तूत झाले. ही वस्तू डेव्हिड झिकारेली यांच्या परिश्रमाने उत्तम निघाली. परंतु तिच्या आद्य कर्त्याच्या हाती तिचा लेख मोकळेपणाने राहिला नाही. पकेट १९९४ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले व १९९६ मध्ये त्यांनी त्याच तत्त्वावरची ‘प्युअर डेटा’ ही आज्ञावली प्रथमपासून लिहिली. तिचा परवाना अत्यंत सैल आहे : श्रेयनिर्देश ठेवून कोणीही तिचे काहीही करावे, विकावेसुद्धा. २००८ मध्ये ‘स्पोअर’ या संगणकीय खेळात ब्रायन ईनो यांच्या सहभागाने जे आपोआप बदलत राहणारे संगीत योजिले गेले, ते प्युअर डेटाच्या एका बदललेल्या रूपावर चालत असे. ग्नूच्या कडक परवान्याखाली हे शक्य झाले नसते, कारण त्यानुसार बदललेला लेखही वाटणे बंधनकारक ठरते. देणाऱ्याने अट घालावी की न घालावी, या प्रश्नावर मुक्त आज्ञावलींच्या पुरस्कर्त्यांत एकमत नाही आणि दोन्ही बाजूंस गुण आहेत.

टेक्सस राज्यातील जेम्स मकार्टनी यांची ‘सुपरकोलायडर’ (१९९६) ही प्रथम विकत मिळे. २००२ मध्ये कर्त्याने तिचा लेख आपणहून सामान्य सार्वजनिक परवान्याखाली खुला केला. ध्वनी निर्माण करणारे यंत्र व त्यास आज्ञा देणारी भाषा असे तिचे दोन स्वतंत्र भाग असल्याने, त्या यंत्रास दुसऱ्या भाषेतूनही आज्ञा देता येतात. केंब्रिज येथे सॅम ॲरन यांनी शाळकरी मुलांसाठी २०१२ मध्ये केलेली ‘सॉनिक पाय’ ही आज्ञावली आणि ॲलेक्स मक्लीन यांची ‘टायडल’ या दोन्हींचा ध्वनी तेथूनच येतो. प्रिन्स्टन येथील ‘चक’ आणि लीआँ येथील ‘फाउस्ट’ याही याच काळातील लक्षणीय भाषा होत.

आज्ञावली मुक्त झाली, तरी ती ज्या प्रणालीवर चालावयाची, ती वादनास योग्य असावी लागते. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ‘लिनक्स’ प्रणाली या दृष्टीने पुष्कळ काळ निकामी होती. संगणक अंकांचे लहान गठ्ठे करून ध्वनियंत्राकडे पाठवितो. सेकंदास ४८,००० मापे असता १,०२४ मापांचा गठ्ठा भरण्यास सु. २१ मिलिसेकंद लागतात. द्रुत लयीत मिनिटास ३०० मात्रा आणि एका मात्रेत चार बोल धरले, तर तबल्याच्या दोन बोलांत अवघे ५० मिलिसेकंद अंतर असते. तेथे २१ मिलिसेकंदांचा उशीर वादकास असह्य होतो. गठ्ठा १२८ मापांचा केला, तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. पण मग प्रणालीने दुसऱ्या कामात एवढाही वेळ घालविता कामा नये, नाहीतर ध्वनी तुटतो. २००० च्या सुमारास प्रणालीच्या गाभ्यात केलेल्या दुरुस्त्या आणि पॉल डेव्हिस यांची ‘जॅक’ ही निरनिराळ्या आज्ञावलींना एकमेकींशी जोडणारी व्यवस्था यांमुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली. डेव्हिस यांचीच बहुपदरी ध्वनिमुद्रणाची ‘आर्डोर’ आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेली ‘ऑडॅसिटी’ (२०००) यांनी ध्वनिमुद्रणाचे साधन सामान्य माणसाच्या हाती दिले. ऑडॅसिटीचा प्रसार या सर्वांहून मोठा आहे. पण ती मुख्यतः मुद्रित ध्वनी कापण्या-जोडण्याचे साधन आहे.

कृतींचे जतन : इलेक्ट्रॉनीय संगीताची खरी कसोटी पंचवीस-तीस वर्षांनी लागते. बेल प्रयोगशाळेतच मॅथ्यूज व एफ. आर. मूर यांनी १९७० मध्ये ‘ग्रूव्ह’ ही संगणक व विद्युत् मंडले यांची संयुक्त व्यवस्था उभारली होती. लॉरी स्पीगल यांच्या अनेक नामांकित रचना तिच्यावर झाल्या. ती व्यवस्था १९७०–८० या दशकाच्या अखेरीस मोडण्यात आली आणि त्या रचना आता केवळ ध्वनिमुद्रित रूपात उरल्या आहेत; त्या पुन्हा सादर करता येत नाहीत. ४एक्सवर अवलंबून असलेल्या रचनांवरही हाच प्रसंग आला असता. पकेट यांनी ‘प्लूटॉन’ व इतर काही कृती प्युअर डेटात उतरविण्याचे काम हाती घेतले, ते याच भीतीपोटी. या कामात त्यांनी पाळलेला एक संकेत उल्लेखनीय आहे. आज्ञावलीत कितीही सुधारणा झाल्या, तरी जुनी रचना पूर्वीसारखीच वाजली पाहिजे. बाजारातील आज्ञावलींना हे परवडत नाही, कारण त्यांना दर वर्षी नवे रूप विकावयाचे असते.

अर्थात मुक्त आज्ञावली आपोआप टिकतात, असे नव्हे. त्यांचे पोषण दूरध्वनी कंपनी, विद्यापीठे व शासन यांनी केले. ‘विनामूल्य’ या शब्दामागे कोणीतरी वेतन दिलेले असते. सांभाळणारे हात थोडे असतात, आणि सीसाउंड किंवा सुपरकोलायडर शिकण्यास जो चिकाटीचा काळ द्यावा लागतो, तो विकतच्या सुबक साधनांच्या तुलनेने कितीतरी अधिक असतो. त्यामुळे नृत्यसंगीत व चित्रपटसंगीत यांच्या धंद्यात या आज्ञावलींचा वापर मर्यादित राहिला.

हॅम्बर्ग येथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘टॉपलॅप’ या मंडळाच्या कलावंतांनी मात्र या कठीणपणालाच सभेचा विषय केला. हे कलावंत श्रोत्यांसमोर आज्ञा लिहीत-खोडीत संगीत उभे करतात आणि त्यांचा पडदा सर्वांना दिसेल असा लावलेला असतो. चौकट आधी ठरलेली आणि उपज त्या क्षणीची, हे तत्त्व रागसंगीताच्या श्रोत्यास अपरिचित नाही; फरक एवढाच, की येथे कलावंताची चूकही अक्षरांत वाचता येते.

भारतीय संगीताच्या दृष्टीने या आज्ञावलींचे महत्त्व स्वरस्थानांच्या प्रश्नाशी निगडित आहे. विद्युत् वाद्ये एकमेकांस जोडण्यासाठी १९८३ मध्ये ‘मिडी’ हे प्रमाण ठरले. त्यात स्वर म्हणजे १२८ पट्ट्यांपैकी एक क्रमांक असे गृहीत आहे आणि त्या पट्ट्या सामान्यतः समविभाजित सप्तकात लावलेल्या असतात. २४० हर्ट्झच्या षड्जावर शुद्ध गांधार ५/४ या गुणोत्तराने ३०० हर्ट्झचा होतो. समविभाजित गांधार सु. ३०२.४ हर्ट्झचा. तंबोऱ्याच्या झंकारातून उमटणाऱ्या गांधाराशी तो जुळत नाही आणि विस्पंद ऐकू येतात. हार्मोनियमविषयी आकाशवाणीच्या काळापासून झालेला वाद येथे नव्या रूपाने उभा राहतो. मींड तर पट्टीच्या कल्पनेत बसतच नाही. स्वर वाकविण्याची सोय मिडीत आहे, पण ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होते. सीसाउंड किंवा सुपरकोलायडर यांत पट्टी नाहीच. तेथे कंप्रता हा केवळ अंक असल्याने ३०० लिहिले की ३०० मिळते, आणि षड्जापासून गांधारापर्यंतचा वक्र जसा काढावा तशी मींड ऐकू येते. जवळजवळ सारख्या कंप्रतेचे अनेक आंदोलक एकत्र वाजविले, की त्यांचे उपस्वर क्रमाक्रमाने उमलत-मावळत जातात. रीसे यांनी पुढे आणलेली ही युक्ती ऐकताना भारतीय श्रोत्यास तंबोऱ्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

भारतात इलेक्ट्रॉनीय संगीताचा एक आरंभ अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत झाला होता. गीता साराभाई यांच्या पुढाकाराने व अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने १९६९ मध्ये तेथे मोग संश्लेषकासह ध्वनिशाळा उभी राहिली. अतुल देसाई, आय्. एस्. माथुर, एस्. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आदींनी तीत रचना केल्या. काही वर्षांतच ती बंद पडली. तिच्या फिती विस्मृतीत गेल्या होत्या. त्या पुन्हा उजेडात आल्यावर त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एका आयात यंत्रावर सर्व काही अवलंबून असल्याने तो प्रयोग पुढे चालविणे कोणास शक्य झाले नाही. याउलट, बार्सेलोना येथील झाव्ह्येर सेरा यांच्या ‘कॉम्पम्यूझिक’ (२०११–१७) या प्रकल्पात हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताच्या विश्लेषणासाठी केलेली साधने खुली ठेवण्यात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रीती राव व त्यांचे सहकारी या कामात सहभागी होते.

सीसाउंड महाराष्ट्रात एका अनपेक्षित वाटेनेही आली. प्रत्येक मुलास एक स्वस्त संगणक देण्याच्या एमआयटीतून निघालेल्या योजनेत ‘टॅमटॅम’ नावाची संगीताची आज्ञावली होती. चित्रांवर बोट ठेवून वाद्ये निवडावयाची व लयीचे तुकडे जुळवावयाचे, असे तिचे बाह्यरूप होते. आत ध्वनी निर्माण करणारे यंत्र सीसाउंडचे होते. या संगणकांचा भारतातील पहिला प्रायोगिक उपक्रम २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळ खैरात येथील एका लहानशा शाळेत सुरू झाला.